दार सजीव आहे काय?

दर शनिवारी रात्री आठ वाजता पुण्यातल्या माझ्या दिवाणखान्यात चार सुशिक्षित, संसारी आणि वेळेवर आयकर भरणारी माणसे जमतात, आणि आपण अनुक्रमे जादूगार, पुरोहित, चोर व सैतानाशी करार केलेला वॉरलॉक आहोत असे मानून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात. मी त्यांचा डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षसांचा मुखत्यार आणि नियमांचा अर्थ लावण्याच्या कामी शेवटचा शब्द असलेला मनुष्य. हा शेवटचा शब्द उच्चारण्याची संधी मला गेल्या तीन वर्षांत क्वचितच मिळाली आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ प्रसिद्ध केला. आम्ही त्याची २०१४ सालची पाचवी आवृत्ती खेळतो, आणि तिच्यातले राक्षस मारणे मुळीच कठीण नाही. कठीण आहेत ते मंत्र, कारण प्रत्येक मंत्र हे एक छोटे शासकीय परिपत्रकच असते. ‘चिल टच’ या नावाच्या मंत्रात गारवा नाही आणि स्पर्शही नाही. तो १२० फुटांवरून टाकायचा असतो. तिसऱ्या लेव्हलचा फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, जादूगाराला तिसऱ्या लेव्हलला मिळत नाही, पाचव्या लेव्हलला मिळतो, आणि का, हे नव्या खेळाडूला समजावता समजावता चहा निवतो. फायरबॉलची त्रिज्या २० फूट; ती पाच-पाच फुटांच्या चौकोनांवर नेमकी कोठवर पोहोचते हे ठरवण्यासाठी आमचे जादूगार मुलाची कंपासपेटी घेऊन येतात, आणि आपलाच चोर वर्तुळाच्या आत येतो असे दिसले की पेन्सिलीचे टोक बोथट असल्याची तक्रार करतात.

आमच्या पुरोहित बाई व्यवसायाने दंतवैद्य आहेत. त्यांच्याकडे पाणी निर्माण करण्याचा मंत्र आहे आणि त्यात दहा गॅलन पाणी ‘उघड्या भांड्यात’ उत्पन्न होते असे लिहिले आहे. समोरचा गॉब्लिन, म्हणजे एक ठेंगू राक्षस, आरोळी ठोकत असताना बाईंनी शांतपणे विचारले की, त्याचे तोंड या क्षणी उघडे आहे ना? तोंड हे भांडे नव्हे, असा निर्णय मी दिला. “तीस वर्षे मी त्यात अवजारे ठेवते आहे,” असे बाई म्हणाल्या. गॉब्लिन वाचला, पण माझा निर्णय पटला असे कोणाच्याही चेहऱ्यावर दिसले नाही.

तथापि खरा प्रसंग आला तो किल्ल्याच्या तळघरात. या खेळात मिमिक नावाचा एक राक्षस आहे. तो पेटीचे किंवा दाराचे रूप घेऊन निश्चल बसतो आणि हात लावणारा त्याला डिंक लावल्यासारखा चिकटतो. तळघराला चौदा दारे होती. आमचे वॉरलॉक दिवाणी वकील आहेत, त्यांनी पुस्तक उघडले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “माझे म्हणणे एवढेच आहे की, एल्ड्रिच ब्लास्ट हा मंत्र पुस्तकाप्रमाणे फक्त ‘क्रीचर’वर, म्हणजे सजीवावर चालतो, वस्तूवर चालत नाही. तेव्हा मी तो प्रत्येक दारावर टाकतो. ज्या दाराला लागेल, ते दार सजीव.”

चुकीच्या लक्ष्यावर मंत्र टाकला तर काय होते, याचा खुलासा २०१७ साली आलेल्या पुरवणी पुस्तकात आहे, हे मला मोठ्या हर्षाने आठवले आणि मी तो मोठ्याने वाचला: लक्ष्याला काहीही होत नाही, मात्र त्यासाठी वापरलेला स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याच्या मोजक्या संधींपैकी एक, वाया जातो. वाचून पूर्ण होण्याआधीच मला माझी चूक कळली होती. एल्ड्रिच ब्लास्ट हे कॅन्ट्रिप, म्हणजे हवा तितक्या वेळा टाकता येणारा मंत्र आहे, त्याला स्लॉट लागतच नाही; म्हणजे ज्याला मी दंड समजत होतो तो प्रत्यक्षात परवाना होता. वचनाला, म्हणजे शास्त्रातल्या शब्दाला, कोणतेही ओझे जड नाही, असे आपले मीमांसक सांगून गेले. त्यांनी यज्ञाच्या विधींचा अर्थ लावला, हे त्यांचे भाग्य. त्यांच्यासमोर चौदा दारे आणि एक वकील नव्हता. (२०२४ च्या सुधारित पुस्तकात हा मंत्र वस्तूंवरही चालतो आणि हा सारा वाद निकालात निघतो, वकीलसाहेब ते पुस्तक विकत घेण्यास अर्थातच तयार नाहीत.)

मग पाऊण तास आम्ही दारांची जनगणना केली. वकीलसाहेब फासा टाकीत, मी “काही होत नाही” म्हणे आणि चोर वहीत फुली मारी. नवव्या दाराशी मी उत्तर द्यायला क्षणभर थांबलो, तर चौघांनीही तलवारी उपसल्या; वास्तविक मला शिंक येत होती.

चौदाही दारे निर्जीव निघाली. वकीलसाहेबांनी समाधानाने पुस्तक मिटले आणि आपले पात्र दमून पहारेकऱ्यांच्या मेजावर डावा हात टेकते, असे जाहीर केले. मेजाची चौकशी कोणीच केली नव्हती. मेजाला दात फुटले.

“हरकत नाही,” वकीलसाहेब म्हणाले, “आता ते क्रीचर आहे हे सिद्धच झाले. मी एल्ड्रिच ब्लास्ट टाकतो.” त्या मंत्राला हातवारे करावे लागतात आणि त्यासाठी एक हात मोकळा हवा, हे मी सावकाश वाचून दाखवले. डावा हात मेजाला चिकटलेला होता, आणि उजव्या हातात मशाल असल्याचे त्यांनीच आठ वाजून दहा मिनिटांनी वहीत नोंदवून घेतले होते. त्यांनी वही मागितली, नोंद वाचली आणि पुन्हा चष्मा पुसायला घेतला. “हातात मशाल असणे,” ते म्हणाले, “आणि मशाल हाताने धरलेली असणे, यांत फरक आहे.”

तेव्हा साडेअकरा झाले होते. मी चहाचे आधण दुसऱ्यांदा ठेवले.