काळ्या ऑइलची वारी

गाडीचं ऑइल घरीच बदलावं. गॅरेजवाला मजुरी घेतो, दोन तास बसवून ठेवतो आणि वर एअर फिल्टरही गेलाय म्हणून सांगतो. त्यापेक्षा रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाईक मेन स्टँडवर घ्या, खाली घमेलं सरकवा आणि सतरा नंबरच्या पान्याने नट सोडा. लिटरभर ऑइल येईल, डांबरासारखं काळं. उन्हात घमेलं जरा तिरकं केलंत तर त्यात चंदेरी चुरा चमकेल. तुमचं इंजिन झिजलं ते हे असं. नीट बघून घ्या, पुन्हा भेट नाही.

आता मुख्य काम. वॉचमन चहाला गेला की कोपऱ्यातली पावसाळी गटाराची जाळी उचला आणि ओता. मागोमाग मूठभर धुण्याची पावडर आणि बादलीभर पाणी, म्हणजे फरशीवर डाग राहणार नाही. स्वच्छतेच्या बाबतीत आपण काटेकोर.

पुढची काळजी करू नका, ऑइलला वाट ठाऊक आहे. पुण्याच्या सहकारनगरात ओतलंत तर ते आंबिल ओढ्याला लागतं. ओढा मुठेला मिळतो, मुठा संगमावर मुळेला, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनी धरणात. सांडपाण्याला निदान शुद्धीकरण केंद्राची कटकट असते, पावसाळी गटाराला तीही नाही. उजनीत भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात, त्यांचं दर्शन घ्यायचं. सोलापूरकर ज्या पाण्यावर नळ उघडतात त्यात एक मुक्काम करायचा. मग थेट पंढरपूर, कारण चंद्रभागा म्हणजे दुसरंतिसरं कुणी नसून आपली भीमाच. वारकरी आळंदीहून ऊनपाऊस खात पायी जातात. तुमचं ऑइल मात्र तिथीवार न बघता निघतं आणि त्यांच्या आंघोळीच्या पाण्यात आधीच हजर असतं. पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होतं ते विठोबा बघून घेईल.

हिशेबच हवा असेल तर अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एक गॅलन वापरलेलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. त्याच प्रमाणात आपल्या लिटरभराच्या वाट्याला दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. मे महिन्यात टँकरचा भाव विचारा, आपण किती उदार आहोत ते कळेल.

टाकणं जिवावर येत असेल तर घरगुती उपयोग आहेतच. वाळवीसाठी गावाकडच्या चौकटीला फासा, डासांसाठी मागच्या डबक्यात सोडा. सेंटरिंगवाला तर पाट्यांना लावायला हक्काने मागून नेतो. फासताना हातमोजे घालू नका, शोभत नाही. वापरलेलं ऑइल वारंवार कातडीला लागलं तर कर्करोग होऊ शकतो, असं बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पण मॅन्युअल डिकीत, मुदत संपलेल्या पीयूसीखाली आहे. राहू द्या तिथेच.

एक पथ्य मात्र पाळा. ऑइल कोरड्या, झाकणाच्या कॅनमध्ये वेगळं भरून ठेवू नका. गैरसोयीची गोष्ट अशी, की इंजिन ऑइल संपत नाही, मळतं. त्यातलं पाणी उडवलं, निर्वातात ऊर्ध्वपातन केलं, उरलेली घाण काढली की पुन्हा बेस ऑइल मिळतं आणि त्याचं नवं इंजिन ऑइल होतं. हे टाळायचं तर त्याच कॅनमध्ये उरलेलं कूलंट, ब्रेक ऑइल आणि ब्रश धुतलेलं थिनर ओता. मग कुणी कितीही हुशार असो, हात जोडेल.

सरकारनेही तुमचा भार हलका केलाय. 2016 च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. 2023 च्या दुरुस्तीने त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली. जबाबदारी कंपन्यांची म्हटल्यावर आपण कानात तेल घालून बसायला मोकळे. गॅरेजच्या कोपऱ्यात दोनशे लिटरचा ड्रम दिसला तरी तो भरल्यावर कुणाकडे जातो, प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्याकडे की कुठल्याशा भट्टीत जळायला, हे विचारू नका. मेकॅनिक पुढच्या वेळी नट नीट आवळणार नाही.

राहिला नव्या ऑइलचा रिकामा कॅन. त्याला भोक पाडू नका, स्टिकर फाडू नका, झाकणही जपून ठेवा. भंगारवाला अशा कॅनचे दोन पैसे जास्त देतो. का देतो ते विचारायचं नाही. कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये गाळलेलं काळं ऑइल रंग घालून त्यात भरलं जाईल, वर नवं सील बसेल आणि पुढच्या वेळी तुम्ही घासाघीस करून, ऐंशी रुपये कमी देऊन, तोच कॅन घरी आणाल. एवढं चोख रिसायकलिंग कुठल्या सरकारला जमलंय? दोनेक महिन्यांनी मेकॅनिक टाकीखाली कान लावून म्हणेल, ‘साहेब, इंजिन खोलावं लागतंय.’ तेव्हा कंपनीला शिव्या घाला. कॅनवर नाव तिचंच असेल.