देवळातल्या सोन्याची घडण कोण लिहिणार?

तिकडे देवस्थानांच्या सोन्यावरून वाद पेटला की आमच्या टोरंटोतल्या मराठी ग्रुपवर पण लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते वितळवा, विटा करा, बँकेत ठेवा आणि व्याजातून दवाखाने चालवा (२०१५ ला केंद्राने सुवर्ण रोखीकरण योजना आणली तेव्हापासून हे चालूच आहे), दुसरी म्हणते देवीच्या अंगावरच्या गुंजभर सोन्यालाही हात लावायचा नाही. तुळजापूरचे जुने दागिने गहाळ झाल्याच्या बातम्या आल्या तेव्हा तर विचारूच नका. मला दोन्ही बाजूंना एकच विचारायचंय, तो दागिना दिसायला कसा होता हे कुठे नोंदवलंय का?

इथल्या युनिव्हर्सिटीच्या थॉमस फिशर लायब्ररीने वेन्सेस्लास हॉलर या सतराव्या शतकातल्या चित्रकाराच्या एचिंग्जचा, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांचा, मोठा संग्रह ऑनलाइन टाकलाय, कुणीही फुकट बघावा. हॉलर मूळचा प्रागचा, १६३६ मध्ये अर्ल ऑफ अरुंडेल या कलावस्तू जमवणाऱ्या इंग्रज सरदाराला तो जर्मनीतल्या कोलोनमध्ये भेटला आणि अर्लने त्याला लंडनला आणलं. अर्लच्या संग्रहात मान्तेन्या या जुन्या इटालियन चित्रकाराच्या नावावरचं एक चित्र होतं, चॅलिसचं, म्हणजे मिस्साच्या वेळी पाद्री ज्यात वाइन ओततात त्या पेल्याचं. १६४० मध्ये हॉलरने त्याचं एचिंग केलं. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, ॲसिड त्या रेघा खोल करतं, मग शाई भरून कागदावर दाब द्यायचा. झूम करून बघा, दांड्याच्या कोनाड्यांत चिमुकले संत उभे आहेत, गोलाई नुसत्या रेघांच्या दाटीतून आलीये आणि धातूची चमक दाखवायला कागद तेवढा कोरा सोडलाय. चांगला सोनार हे समोर ठेवून पेला घडवायला बसू शकेल, इतकं त्यात आहे.

आता परदेशात सगळं छान असतं असं कुणी म्हणू नका. त्याच इंग्लंडमध्ये सहाव्या एडवर्ड राजाच्या काळात, १५५२ ला, सरकारी माणसांनी चर्चमधल्या चांदी-सोन्याच्या भांड्यांच्या याद्या केल्या आणि पुढच्या वर्षी एखाद-दुसरा पेला ठेवून बाकीचं जप्त केलं. कितीतरी याद्या आजही आहेत. त्यात काय, तर चांदीचा पेला, वजन इतके औंस. म्हणजे यादी होती, पण घडण गेली ती गेलीच. आपल्याकडची नोंद पण बहुतेक अशीच असते हो, सोन्याची माळ एक, वजन इतके तोळे. जुनी बोरमाळ मोडायला गेलं की सराफ घडणावळ धरत नाही हे आपल्या आयांना पाठ असतं, आणि देवस्थानाची वहीसुद्धा सराफासारखीच लिहायची? शिवाजी महाराजांनी भवानीला वाहिली म्हणून सांगतात त्या पुतळ्यांच्या माळेचं मोल काय तोळ्यात मोजणार?

जमतं हे, आपल्या शेजारीच जमलंय. जुन्या गोव्यात सांता मोनिका कॉन्व्हेंटमधल्या ख्रिस्ती कलेच्या म्युझियममध्ये पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं मोठं पूजापात्र लोकांना बघायला मांडून ठेवलंय, आणि गोव्यातल्या चर्चच्या चांदीकामात हिंदू सोनारांचाही हात होता, म्हणजे ही कला आपलीसुद्धा आहे.

तर माझं म्हणणं, वितळवायचं की नाही ते नंतर भांडा, आधी प्रत्येक जुन्या दागिन्याचे पुढून-मागून फोटो काढा, फासा, जोड, कोरलेली अक्षरं, झीज, सगळं, बाजूला मोजपट्टी ठेवून, आणि जमेल तिथे आर्ट कॉलेजच्या पोरांकडून रेखाटनं पण करून घ्या. कुठला दागिना कुठल्या कपाटात आहे ते जाहीर करू नका, पण चित्रं सगळ्यांना बघू द्या. यावर कुणीतरी हमखास म्हणतं की चोरांना आयती यादी मिळेल. उलट आहे. इंटरपोलचा चोरीच्या कलावस्तूंचा डेटाबेस आहे, २०२१ पासून आयडी-आर्ट नावाचं ॲप पण आहे, फोनवर कुणीही तपासू शकतं. पण चोरीची वस्तू लिलावात दिसली तर ती आपलीच आहे हे पटवायला फोटो लागतो, "माळ एक, तोळे इतके" एवढ्यावर कोण परत देणार?