यूनान राजाचं बोट

लेकीच्या मराठीच्या गृहपाठात परवा नेहमीचा प्रश्न आला. ऐकलेली एखादी गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहा, योग्य शीर्षक द्या, तात्पर्य लिहा. तात्पर्याला दोन मार्क. आपण सगळे यातूनच गेलोय. ‘गर्वाचे घर खाली’, ‘अति तिथे माती’, ‘एकीचे बळ’ ही तीन पाठ असली की कुठलीही गोष्ट पार पडायची.

गेला महिनाभर मी तिला रात्री अरबी गोष्टी, म्हणजे ‘अरेबियन नाइट्स’मधल्या, सांगतेय, म्हणून तिने त्यातलीच निवडली आणि तात्पर्यापाशी येऊन अडली. “आई, याचं तात्पर्य काय गं?” मीही अडले.

गोष्ट कोळ्याची. दिवसाला चारदा जाळं टाकायचं, पाचव्यांदा नाही, असा त्याचा नेम. पहिल्यांदा मेलेलं गाढव लागतं, मग वाळू-चिखलाने भरलेला रांजण, मग खापरं आणि काचा. चौथ्या खेपेला पितळी सुरई, तोंडावर सुलेमानची मोहोर असलेलं शिशाचं बूच. त्यातून निघालेला जिन म्हणतो, सोडवलंस म्हणून तुला मारणार, मरण कसं हवं ते तेवढं सांग. कोळी म्हणतो, एवढा मोठा तू या एवढ्याशा सुरईत मावलासच कसा? जिन फुशारकीने आत जातो, कोळी बूच ठोकतो. मुलांच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. खाली चौकट: शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ.

मूळ गोष्ट इथे कुठली संपायला! जिन आतून गयावया करतो आणि बाहेर बसलेला कोळी त्याला यूनान राजाची गोष्ट ऐकवतो. राजाला कोड. दुबान नावाचा हकीम येतो. ना लेप, ना काढा. चौगान, म्हणजे घोड्यावरून खेळायचा पोलोसारखा खेळ, त्याच्या काठीची मूठ पोकळ करून त्यात औषध भरतो. राजाने घोड्यावर बसून घाम फुटेपर्यंत खेळायचं, औषध तळव्यातून अंगात शिरतं. राजा बरा होतो, हकिमाला डोक्यावर घेतो. वजिराचा जळफळाट होतो. तो कान भरतो, की जो मुठीतून बरं करतो तो मुठीतून मारूही शकेल.

आता गंमत बघा. वजिराला गप्प करायला राजा स्वतःच एक गोष्ट सांगतो. काही प्रतींत ती पोपटाची आहे, काहींत ससाण्याची. निरपराध पाखराला रागाच्या भरात मारलं आणि मग जन्मभर हळहळलो, अशी. आपल्याकडच्या मुंगसाच्या गोष्टीची सख्खी बहीणच. म्हणजे तात्पर्य राजाला तोंडपाठ आहे, त्याच्याच तोंडून आलंय. वजीर उलट आपली एक गोष्ट सांगतो, आणि राजा हकिमाचं डोकं उडवायला निघतो.

मला ही जागा फार आवडते. बोधकथा माहीत असलेला, चारचौघांत ती सुंदर सांगणारा माणूस पुढच्याच मिनिटाला नेमकं तेच करतो. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी सुविचार टाकणारे आमचे एक नातेवाईक आहेत, त्यांची आठवण झाली. असो.

तर मरण्याआधी दुबान राजाला एक पुस्तक देतो. माझं शिर कापून तबकात ठेवा, पुस्तक उघडा, शिर बोलेल. राजा उघडायला जातो तर पानं चिकटलेली. बोट जिभेला लावून तो एक पान सोडवतो, दुसरं, तिसरं. सगळी कोरी. “इथे काहीच लिहिलेलं नाही.” शिर म्हणतं, “अजून उलटा.” पानांना विष चोपडलेलं असतं.

एवढं ऐकवून कोळी जिनाला म्हणतो, म्हणून तुला सोडणार नाही. आणि थोड्या वेळाने, शपथ घ्यायला लावून का होईना, सोडतो! जिन शब्दही पाळतो. आता काढा तात्पर्य.

या गोष्टींत गोष्ट सांगणं हा जीव वाचवायचा व्यवहार आहे. रोज रात्री राजाला गोष्ट सांगून मरण टाळणाऱ्या शहराजादचं तर सगळ्यांनाच माहीत आहे. पण तिच्या पहिल्याच गोष्टीतला व्यापारी बघा. खजूर खाऊन बी भिरकावतो, ती लागून जिनाचा न दिसणारा मुलगा मरतो, जिन रक्त मागतो. वाटेवरचे तीन म्हातारे म्हणतात, आमची गोष्ट आवडली तर प्रत्येकी तिसरा हिस्सा रक्त माफ कर. असा रोख सौदा. उपदेशावर कुणी रक्त माफ केलं असतं का?

अरबीत बोध नकोसा होता असं नाही हं. आपल्या पंचतंत्रातले करटक-दमनक हे कोल्हे पहलवी या जुन्या इराणी भाषेमार्गे आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने अरबीत नेले, ते ‘कलीला व दिम्ना’ झाले. पंचतंत्रात दमनक सिंहाकडून बैलाचा काटा काढतो आणि प्रधानपदी राहतो. अरबीत दिम्नावर खटला चालतो, तो तुरुंगात मरतो. कुणाला तरी तो मोकळा सुटलेला बघवला नाही. मला विचाराल तर आपलं जास्त खरं वाटतं.

मराठीत या गोष्टी आणताना कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांना ‘सुरस’ आणि ‘चमत्कारिक’ म्हटलं. ‘बोधप्रद’ नाही. पुढे गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी अनुवादाचे 16 खंड मराठीत आणले, तेही मुलांसाठी गाळणी न लावता. चौथ्या सफरीत जिवंत पुरलेला सिंदबाद काय करतो, आठवतंय? नंतर गुहेत सोडलेल्या जिवंत माणसांना हाडाने मारून त्यांची भाकर-पाणी घेतो. मुलांच्या पुस्तकांतून हे गायब, पण याच माणसाच्या दारात, त्याच्या सफरी ऐकणाऱ्या हमालासोबत, आपण कौतुकाने बसलेलो असतो.

हे सगळं मी लेकीला सांगितलं नाही, झोपायची वेळ टळून गेली होती. तिने तिचं तिचं काहीतरी लिहून वही बंद केली. सकाळी दप्तर भरताना मी पाहिलं:

“तात्पर्य: पुस्तकाचे पान उलटताना बोटाला थुंकी लावू नये.”

मी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई झोपाळ्यावर दिवाळी अंक वाचत होत्या. तोंडाकडे नेलेलं बोट त्यांनी हळूच खाली घेतलं आणि पदराला पुसलं.