शेवट माहीत असलेला सिनेमा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

हॉलमार्क या अमेरिकन टीव्ही वाहिनीच्या 'द ख्रिसमस कार्ड' या सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की शेवट दहाव्या मिनिटाला कळतो, नायक मुलीला फसवतो, आणि अनोळखी बाईच्या कार्डाने कुणी इतकं हलतं हे पटत नाही. तुमची प्रतिक्रिया वाचून काल रात्री सिनेमा पुन्हा पाहिला.

फसवण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. लेखात मी त्याकडे काणाडोळा केला, ती माझी चूक. कोडी हा अफगाणिस्तानात लढणारा सार्जंट. चर्चतर्फे सैनिकांना पाठवलेलं, फेथ नावाच्या मुलीचं कार्ड त्याच्या हाती पडतं, तो ते जिवापाड जपतो आणि रजेत तिच्या गावी, कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटीला जाऊन पोचतो. तिच्या घरच्यांकडे राहतो, वडिलांच्या लाकडाच्या मिलमध्ये राबतो, पण कार्डाबद्दल चकार शब्द काढत नाही. तिला अंधारात ठेवून तिच्या जवळ जाणं यात गोड काहीच नाही. पटकथालेखकाने त्याला जाब विचारायला हवा होता. त्याऐवजी फेथचा प्रियकर पॉल इतका आपल्यातच गुंतलेला दाखवलाय की समोर कुणीही आला तरी बराच वाटावा. ही सरळसरळ पळवाट आहे.

पण शेवट आधी कळतो, हा दोष मी मानत नाही. हॉलमार्कचा असा सिनेमा दोन तासांच्या वेळेत बसवतात. जाहिराती वजा केल्या की उरतात 85 मिनिटांच्या आसपास. दर थोड्या वेळाने ब्रेक, आणि ब्रेकआधी बघणाऱ्याला धरून ठेवायला एखादी छोटी गाठ. कोण कुणाचं होणार, हे ठरलेलंच असतं. सीतास्वयंवराच्या आख्यानात धनुष्य कोण उचलणार हे ठाऊक असूनही आपण कीर्तनाला बसतोच ना? बुवा ते कसं रंगवतात, यासाठी बसतो.

इथे रंग भरतो तो एड अ‍ॅस्नर. फेथचे वडील ल्यूक त्याने केलेत. एमी हा टीव्हीवरच्या कामासाठीचा अमेरिकन पुरस्कार सात वेळा जिंकलेला हा नट, पंचाहत्तरी उलटलेली, आणि या भूमिकेसाठी 2007 साली पुन्हा एमीचं नामांकन! त्या खरखरीत आवाजात तो कोडीशी बोलायला लागला की समोर घरातलं वडीलधारं माणूस बसलंय असं वाटतं. त्याच्या बायकोच्या भूमिकेत लोइस नेटलटन आहेत. पडद्यावरचं हे त्यांचं शेवटचं काम. 2008 च्या जानेवारीत त्या गेल्या. त्या दोघांचा संसार मला तरुण जोडीच्या प्रेमापेक्षा जास्त खरा वाटतो, आणि सिनेमा तरतो तो त्यांच्यामुळे.

राहिला कार्डाचा मुद्दा. सहावीत आमच्या वर्गाने सीमेवरच्या जवानांना राख्या पाठवल्या होत्या. पाकिटावर कुणाचं नाव नव्हतं. राखीसोबत मी वहीच्या पानावर लिहिलं होतं, की आमच्या ओढ्याला पूर आला, फरशीच्या पुलावरून पाणी गेलं आणि दोन दिवस शाळा बुडाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गाच्या नावाने एका जवानाचं निळं आंतर्देशीय पत्र आलं. बाईंनी ते उभं राहून वाचून दाखवलं. त्यात राखीबद्दल एक ओळ होती आणि ओढ्याबद्दल चार. पाणी आता उतरलं का, असंही त्यांनी विचारलं होतं.