घरासाठी बंदूक घेताय? आधी ती कुणाच्या हातात जाणार ते बघा

एका मित्रानं आज सकाळी नव्या रिव्हॉल्व्हरचा फोटो टाकला. .४४ मॅग्नम. लांब नळी, चकाकतं पोलाद. वर लिहिलंय, "आता घराची काळजी मिटली." खाली अभिनंदनाचा पाऊस. कुणी कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या जाडीवर खूश, कुणी नळीच्या लांबीवर. एकाही शहाण्यानं विचारलं नाही की बाबा रे, तू घरी नसशील तेव्हा हे धूड कोण उचलणार? दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

.४४ मॅग्नम १९५५ च्या सुमाराचं काडतूस. ज्यांना हातातल्या बंदुकीनं मोठी जनावरं मारायची होती, त्यांच्या हट्टातून ते आलं. बंद खोलीत, अंधारात, झोपेतून उठून ते झाडलं तर दणक्यानं दुसऱ्या गोळीचा नेम जाईल आणि आवाजानं कान जातील, कदाचित कायमचे. पण फोटो छान येतो.

माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. आतोबांची रात्रपाळी असायची, आत्या घरी एकटी. आतोबांनी तिच्यासाठी म्हणून .४५ चं पिस्तूल आणलं. दुकानदारानं सांगितलं, एकदम दमदार आहे. आत्याच्या बोटांना संधिवात. तिला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढताच येईना; तो ओढून सोडल्याशिवाय पहिली गोळी नळीत चढत नाही. दुकानदार हसला म्हणे, "होईल सवय." मग एका रात्री मागचं दार कुणीतरी हलवत होतं. आत्या पिस्तूल घेऊन उभी. चेंबर, म्हणजे नळीच्या तोंडाशी गोळी बसते ती जागा, रिकामं, कारण भरलेलं ठेवायची तिला भीती वाटायची, आणि ते बरोबरच होतं. स्लाइड ओढतेय, अर्ध्यावर येते, सुटते. तो माणूस आपणहून निघून गेला म्हणून निभावलं. हे तिनं आम्हाला कित्येक महिन्यांनी सांगितलं, तेही आपलंच काहीतरी चुकलं अशा सुरात. तिचं काय चुकलं हो? जिच्यासाठी वस्तू घेतली तिच्या हातात ती एकदाही न देता पैसे मोजले गेले, चूक ती होती.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. घरात ज्याचा हात सगळ्यात अशक्त, आणि ज्याच्यावर वेळ येऊ शकते, त्याच्या हातानं बंदूक निवडायची. कॅलिबर नंतर.

इथं लगेच कुणीतरी म्हणणार, मग बाईमाणसाला छोटं रिव्हॉल्व्हर द्या. अरे, कुणी सांगितलं? हलकं, आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर चालवायला अवघडच. वजन कमी म्हणून धक्का जास्त, नळी आखूड म्हणून नेम कठीण. त्यात घोडा न चढवता चाप ओढायचा तर साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लागतो. आत्याच्या बोटांनी तो कसा ओढायचा? रिव्हॉल्व्हरमध्ये अडकण्यासारखं कमी असतं, हे खरं. जरा जड, पोलादी सांगाड्याचं, मध्यम ताकदीच्या .३८ स्पेशल गोळीचं रिव्हॉल्व्हर ज्याच्या हाताला बसतं त्यानं खुशाल घ्यावं.

शॉटगनवाल्यांचं, म्हणजे छऱ्यांची लांब बंदूक घेणाऱ्यांचं, तर वेगळंच. "नेम धरायलाच नको, छरे पसरतात." खोलीच्या अंतरावर छरे जेमतेम तळहाताएवढे पसरतात. नेम धरावाच लागतो. आणि गोळी चढवायला नळीखालचा पंप ओढल्याचा आवाज ऐकून चोर पळतो, यावर घराचा जीव टांगायचा? बारा बोरच्या जाड छऱ्यांत ताकद प्रचंड, हे मान्य. पण लांब बंदूक एका हातात, कडेवर मूल, दुसऱ्या हातानं दार उघडायचंय, हे एकदा रिकाम्या बंदुकीनं करून बघा आणि मग बोला.

भिंतीचा विचार तर कुणीच करत नाही. आतल्या पातळ जिप्समच्या भिंती पिस्तुलाची गोळी थांबवत नाहीत, जाड छरेही थांबवत नाहीत. पलीकडे कोण झोपतं? अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी बंदूक हाताळायचे जे चार नियम घालून दिले, त्यातला शेवटचा हाच: लक्ष्य कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा. म्हणून घरात पोकळ टोकाच्या गोळ्या, जिथं कायदा परवानगी देतो तिथं. त्या अंगात उमलतात, आरपार जायची शक्यता कमी होते. भिंत मात्र त्याही भेदतात. आणि टॉर्च हवाच. अंधारात हललेली सावली रात्री पाणी प्यायला उठलेला आपलाच मुलगा असू शकतो. टॉर्च वेगळ्या हातात हवा, कारण बंदुकीवर बसवलेल्या टॉर्चनं बघायचं म्हणजे ज्याला बघतोय त्याच्यावर नळी रोखणं आलं.

मित्रावर चिडलो खरा, पण लिहिता लिहिता राग उतरतोय. माणूस वाईट नाही. बायकामुलांसाठी जीव तुटतो त्याचा, त्या भीतीतूनच त्यानं ते घेतलंय. आतोबांनीही प्रेमापोटीच घेतलं होतं. ज्यांनी त्यांना नीट विचारायचं ते गप्प बसले, किंवा हसले.

आत्यानं पुढे शूटिंग रेंजवर जाऊन वेगवेगळी पिस्तुलं हातात घेऊन पाहिली. शेवटी हलक्या स्लाइडचं .३८० निवडलं. स्वतः. नातेवाइकांनी नाकं मुरडली, "एवढ्याशा गोळीनं काय होणार?" हो, .३८० ची ताकद नेहमीच्या ९ मिमी पिस्तुलापेक्षा कमी आहे, ठाऊक आहे. पण ते ती भरते, झाडते, आणि गोळ्या जिथं हव्यात तिथं लागतात. रेंजला नेमानं जाते. कपाटातलं .४५ तिच्यासाठी नुसतं लोखंड होतं.

आणि ते कपाट! आतोबा पिस्तूल साड्यांच्या घडीखाली ठेवायचे. मुलांना माहीत नसतं म्हणे. मुलांना घरातलं सगळं माहीत असतं. पटकन उघडणारी, पक्की बसवलेली तिजोरी घेणं परवडत नसेल तर बंदूकही परवडत नाही, इतकं साधं आहे. घरातली बंदूक चोरापेक्षा घरच्यांनाच जास्त धोक्याची, असं म्हणणारे मला आवडत नाहीत, पण त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

एक गोष्ट तर चारचौघांत कुणी काढतच नाही. घरात कुणी मनानं खचलेलं असेल, गप्प गप्प राहत असेल, रात्र रात्र जागत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. नवी बंदूक आणू नका. असेल ती कायद्यात बसेल अशा ठिकाणी, घराबाहेर जमा करा. तिजोरीची किल्ली लपवून भागत नाही. त्या माणसाला वाईट वाटेल, तुमच्यावर विश्वास नाही का म्हणेल. म्हणू दे. तो सावरल्यावर परत आणता येईल. यावर मी कुणाशी वाद घालणार नाही.