आधी हिंसेचा निर्णय, मग मुलांचा ताबा

अमेरिकेत मुलांच्या ताब्याचे खटले त्या त्या राज्याच्या कौटुंबिक कायद्यानुसार चालतात, त्यामुळे सारखीच मारहाण सोसलेल्या दोन आयांच्या पदरी दोन राज्यांत अगदी वेगळे निकाल पडू शकतात. इथल्या आपल्या मराठी कुटुंबांत या विषयावर सहसा कुणी बोलत नाही, आणि बोललेच तर एक वाक्य हमखास ऐकू येते: "नवरा म्हणून तो कसाही असो, बाप म्हणून चांगला आहे ना?" नातेवाईक हे बोलतात, समेट घडवायला आलेले स्नेही बोलतात, आणि जरा सभ्य भाषेत वकीलही न्यायाधीशांपुढे हेच मांडतात. मला हे म्हणणे मुळातच अमान्य आहे. मुलाच्या देखत त्याच्या आईवर हात उगारणारा माणूस त्या क्षणी वाईट बापही असतोच, आणि जे न्यायालय या दोन गोष्टी वेगवेगळ्या पारड्यांत टाकते ते मुलाच्या जिवाशी जुगार खेळते.

हे अमेरिकन काँग्रेसला कळले नव्हते असे नाही. जोडीदाराला मारहाण करणाऱ्या पालकाकडे ताबा देणे मुलाला अपायकारक आहे असे कायद्यानेच गृहीत धरावे, असा ठराव काँग्रेसने १९९० मध्ये केला. पण तो राज्यांवर बंधनकारक नव्हता. पुढे प्रत्येक राज्याने आपापला मार्ग धरला. टेक्सासमध्ये एका पालकाने मारहाण किंवा अत्याचार केल्याचा विश्वासार्ह पुरावा असेल, तर दोघांना संयुक्त ताबा देता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये असे गृहीतक नाही. तिथे सिद्ध झालेल्या हिंसेचा मुलाच्या हितावर काय परिणाम होतो याचा विचार न्यायाधीशांना करावाच लागतो, पण त्या विचाराचे वजन किती धरायचे हे त्यांच्यावरच सोडलेले आहे.

मला सर्वांत पटते ते कॅलिफोर्नियाच्या कौटुंबिक संहितेतील कलम ३०४४. गेल्या ५ वर्षांत एका पालकाने दुसऱ्या पालकावर, मुलावर किंवा त्याच्या भावंडांवर हिंसा केल्याचे न्यायालयाला आढळले, तर त्याला एकट्याने किंवा संयुक्तपणे ताबा देणे मुलाच्या हिताविरुद्ध आहे असे धरूनच पुढे जावे लागते, आणि हे गृहीतक खोडून काढण्याचा भार हिंसा करणाऱ्यावर पडतो. ५२ आठवड्यांचा सुधारणा कार्यक्रम पूर्ण केला का, रेस्ट्रेनिंग ऑर्डर (पीडितापासून दूर राहण्याचा न्यायालयाचा आदेश) पाळली का, पुन्हा हात उचलला का, हे न्यायाधीशांनी तपासायचे असते आणि आपली कारणे नोंदवायची असतात. मुलाला दोन्ही पालकांचा सहवास हवा, या एरवी रास्त वाटणाऱ्या तत्त्वाचा आधार घेऊन हे गृहीतक खोडता येणार नाही, असेही कलमात स्पष्ट म्हटले आहे. "बाप म्हणून चांगला आहे ना" याला कायद्याने दिलेले इतके सरळ उत्तर मला दुसरे माहीत नाही. यात बाई विरुद्ध पुरुष असा मुद्दाही नाही. कलम हिंसा करणाऱ्या कोणत्याही पालकाला लागू आहे. खोट्या आरोपांची भीती घालणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे की नुसत्या आरोपाने ते लागू होत नाही, पुरावा पाहून न्यायालयाने निष्कर्ष काढावा लागतो.

खरी अडचण पुढे येते. अनेक राज्यांत ताबा ठरवताना कोणता पालक दुसऱ्याशी मुलाचे नाते जपू देईल हेही पाहिले जाते. मग "माझं मूल त्याला घाबरतं" असे सांगणारी आईच मुलाचे कान भरते असे ठरवले जाते, आणि तिने सावध करणे हाच तिच्याविरुद्धचा पुरावा होतो. पेनसिल्व्हेनियात २०१८ साली ७ वर्षांच्या केडनला तिच्या वडिलांनी न्यायालयाने मंजूर केलेल्या भेटीतच ठार मारले. आईने धोक्याची सूचना आधीच दिलेली होती. केडनच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदी २०२२ मध्ये केंद्रीय कायद्यात आल्या. ताबा ठरवताना पूर्वीच्या हिंसेचा पुरावा विचारात घेणाऱ्या आणि न्यायाधीशांना या विषयाचे प्रशिक्षण देणाऱ्या राज्यांना त्यातून जादा निधी मिळू शकतो. खुद्द पेनसिल्व्हेनियाने तसा कायदा केला तो २०२४ मध्ये. निधीचे आमिष दाखवून राज्यांना मुलांच्या रक्षणासाठी राजी करावे लागते, याचा मला मनापासून संताप येतो.

आदेश हातात पडल्यावरही सगळे संपत नाही. कॅलिफोर्नियाच्या रेस्ट्रेनिंग ऑर्डरमध्ये न्यायाधीश एक अपवाद ठेवू शकतात: मुलांच्या भेटींपुरता, थोडका आणि शांततेने संपर्क. कागदावर ही ओळ निरुपद्रवी दिसते. प्रत्यक्षात दर शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये मुलाची बॅग एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाताना त्याच ओळीच्या आडून धमक्या दिल्या जातात, आणि "औषध कुठे ठेवलंय" एवढ्या साध्या मेसेजनंतर चाळीस मेसेज येऊन आदळतात. म्हणून मुलाची देवघेव तिसऱ्या व्यक्तीमार्फत किंवा देखरेख केंद्रात व्हावी अशी मागणी अर्जातच करायला हवी.

आपल्याकडच्या बायकांना घरचे लोक सर्रास सल्ला देतात, "मुलांना घेऊन सरळ भारतात निघून ये." हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण तो घातक ठरू शकतो. एका पालकाने परदेशात नेलेली मुले परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही, त्यामुळे ती मुलांना पळवून नेईल अशी शंका न्यायालयात सहज उभी करता येते. दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मुलाला देशाबाहेर नेणे हा अमेरिकेच्या १९९३ च्या केंद्रीय कायद्यानुसार गुन्हाही आहे. हिंसाचारातून सुटका करून घेणे हा त्यात मान्य बचाव आहे खरा, पण तो मांडायची वेळ येते ती आरोपी झाल्यावर. त्याउलट, अमेरिकेतच दुसऱ्या राज्यातल्या बहिणीकडे आश्रयाला गेलेली आई तिथल्या न्यायालयाकडे तातडीचा तात्पुरता आदेश मागू शकते, आणि त्यासाठी मुलालाच मारहाण झालेली असावी अशी अट नाही, आईला झालेली मारहाणही पुरते. कॅलिफोर्नियात रेस्ट्रेनिंग ऑर्डरच्या अर्जाला फी नाही, नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला एच-४ व्हिसा आड येत नाही, आणि ताब्याची मागणी त्याच अर्जासोबत करता येते. विमानाचे तिकीट काढण्याआधी हा अर्ज दाखल झाला पाहिजे, आणि तो भरायला तिच्यासोबत बसणारे कुणीतरी आपल्यातलेच असले पाहिजे.