चिरो, फ्रिज आणि बांगड्याची आमटी

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. रात्री राग आला होता. सकाळी कळलं, त्यातली एक चूक सरळसरळ माझी आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. चिरो या इटालियन लाल वाइनवरचा माझा लेख वाचून ताईंनी स्टुटगार्टमध्ये ऑरगॅनिक चिरोची बाटली आणली, 'थंड करून' बांगड्याच्या आमटीबरोबर घेतली. त्यांच्या तक्रारी अशा: रंग पाणी घातल्यासारखा, तोंड सुपारी चघळल्यासारखं, घोट गिळल्यावर लोखंडाचा चमचा चाटल्याची चव, आणि ऑरगॅनिक म्हणायचं तर मागे 'सल्फाइट आहे' असं कसं छापलेलं? शिवाय 'समुद्राचा खारेपणा' कुठे सापडला नाही. उरलेली अर्धी बाटली त्यांनी बेसिनमध्ये ओतली. जाता जाता, कंपनीने मला फुकट बाटल्या पाठवल्या असणार, असंही सुनावलंय. नाही हो. १४ युरो मोजून घेतली होती.

आधी माझी चूक. मी 'थोडी थंड करून' एवढंच लिहिलं, किती ते लिहिलं नाही. तुम्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलीत, म्हणजे ती ५-६ अंशांवर गेली. तुरट लाल वाइन इतकी गार केली की तिचा वास बसतो आणि तुरटपणा तेवढा वर येतो. चिरोला १५-१६ अंश पुरे. घरात २२-२३ अंश असतील तर फ्रिजमध्ये अर्धा तास. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हा नियम हीटर नसलेल्या दगडी घरांच्या काळातला आहे, आपल्या फ्लॅटमध्ये तो चालत नाही. पण अर्धा तास म्हणजे अर्धाच तास, हे मी लिहायला हवं होतं.

रंगाबद्दल मात्र ऐकणार नाही. चिरो बनते गाल्योप्पो नावाच्या द्राक्षापासून. इटलीच्या दक्षिण टोकाला कालाब्रियात, नकाशातल्या बुटाच्या चवड्याला, आयोनियन समुद्राच्या काठावर चिरो आणि चिरो मरीना ही गावं आहेत, तिथलं हे मुख्य द्राक्ष. कियान्ती वाइन ज्यापासून बनते ते सांजोवेझे द्राक्ष त्याच्या आईबापांपैकी एक, हे डीएनए तपासणीत दिसलंय. याच्या सालीत रंग कमी आणि जो असतो तोही लवकर विटकरीकडे झुकतो. ग्लास वर्तमानपत्रावर धरला तर खालची अक्षरं वाचता येतात, आणि चिरो तशीच असायला हवी. फसवं असतं ते पुढचं: रंग पाहून जीभ हलक्या वाइनची तयारी करते आणि तुरटपणा येतो दणकट. उलट गडद चिरो दिसली की मला शंका येते. डीओसीच्या, म्हणजे बाटलीवर 'चिरो' हे नाव लावायच्या इटालियन नियमात गाल्योप्पो ८० टक्के असलं तरी चालतं. उरलेल्यात गडद परकी द्राक्षं मिसळायची मोकळीक मिळाली तेव्हा तिथल्या छोट्या बागाइतदारांनी आरडाओरडा केला होता, तो याच रंगासाठी.

सल्फाइट. तुमचा राग समजतो, पण लेबल खोटं बोलत नाहीये. आंबवताना यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं, आणि लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की युरोपात ते छापावंच लागतं. 'ऑरगॅनिक वाइन' असे शब्द लिहिण्याची मुभा इथे २०१२ च्या हंगामापासून मिळाली. त्याआधी फक्त 'ऑरगॅनिक द्राक्षांची' एवढंच म्हणता यायचं. ऑरगॅनिक कोरड्या लाल वाइनला मर्यादा १०० मिलिग्रॅम, साध्या लाल वाइनला १५०. म्हणजे कमी, शून्य नव्हे. बागेतही तसंच. नाशिककडे कुणी द्राक्षवाले नातेवाईक असतील तर केवडा आणि भुरी हे वेलीवरचे रोग म्हणजे काय ते विचारा. चिरोचा बागाइतदारही केवड्यावर तांबं मारतो आणि भुरीवर गंधक. ऑरगॅनिकमध्ये दोन्ही चालतं, फक्त तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा आहे. कोरडा उन्हाळा आणि समुद्रावरचा वारा यामुळे तिथे फवारण्या कमी लागतात, एवढा त्या जागेचा फायदा. 'ऑरगॅनिक म्हणजे काहीच मारलेलं नाही' असं मी कुठे लिहिलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला तसं वाटेल असा माझा सूर होता खरा.

आता तो लोखंडी चमचा. ही तुमची सगळ्यात नेमकी तक्रार. जपानमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की वाइनमधलं लोह आणि माशातलं तेल एकत्र आलं की तोंडात उग्र मासळी वास उठतो. ज्या वाइनमध्ये लोह जास्त, तिच्यात जास्त. बांगडा तेलकट, वर वाइन बर्फगार, वर आमटीचं तिखट, आणि तिखटावर दारू नि तुरटपणा दोन्ही चढतात. 'समुद्रकाठची वाइन, म्हणून मासे' हे माझं वाक्य आळशी होतं. चिरोतले लोक माशांबरोबर बरेचदा त्याच गाल्योप्पोची गुलाबी वाइन, रोझातो, काढतात.

लाल कशाबरोबर? लहानपणी काजूची बोंडं खाल्ली असतील तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. नुसतं बोंड खाल्लं की घसा धरतो. मीठ लावून खाल्लं की तोच तुरटपणा सुसह्य होतो. वाइनमधला तुरट घटक म्हणजे टॅनिन, त्याचं तसंच आहे. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून जीभ खरखरीत होते, त्याला मीठ आणि चरबी द्यायची. चिरो मरीनात एका घरी ओट्याशी उभ्या उभ्या मला पावावर सार्देल्ला लावून दिली होती: बारीक मासळी, मीठ, लाल तिखट आणि रानबडीशेप यांचा लालभडक लगदा, जवळ्याच्या चटणीची सावत्र बहीणच. वर शेळी-मेंढीच्या दुधाच्या चीजचा तुकडा, आणि पाण्याच्या जाड ग्लासात चिरो. यातही मासेच आहेत, पण मला तेव्हा लोखंड लागलं नाही. तेवढं मीठ आणि चरबी असल्यावर वाइन एकदम गोडसर, सुकलेल्या चेरीसारखी लागायला लागली. आपल्या स्वयंपाकातलं विचाराल तर भरली वांगी. शेंगदाणा, तीळ, वर तरंगणारं तेल. तिखट निम्मं करा मात्र. कालाब्रियातही वांगी भरतातच, म्हणून हे जमतं की काय कोण जाणे. सुक्या मटणाबरोबरही छान जाते.

खारेपणाबद्दल माघार घेतो. वाऱ्याबरोबर मीठ वेलीपर्यंत पोचतं, पण ग्लासात जिभेला कळेल इतकं क्वचितच उरतं. मी लिहिलं ते बहुधा वाइनमधून नव्हे, खिडकीतून आलं होतं.

पुन्हा आणलीत तर एवढं करा. जेवणाआधी तासभर बूच काढा. नुसती उघडी बाटली फार श्वास घेत नाही, म्हणून एखाद्या जगमध्ये ओता. वांगी गॅसवर चढवलीत की जग अर्धा तास फ्रिजमध्ये. पहिला घोट वांग्याच्या घासानंतर, आधी नाही. उरली तर कृपा करून बेसिन नको. बाटलीत परत ओतून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा, म्हणजे गारठा जाईल. गाल्योप्पो दुसऱ्या दिवशी बरेचदा जास्त गुणी असते.

आणि बांगड्याच्या आमटीबरोबर काय, तर मी त्या दिवशी बिअर घेतो.